बाजूला काढलेलं भरीत

सिगारेट सोडून तीन आठवडे झाले होते आणि घरात कुणी माझ्या वाटेला जात नव्हतं. कुणी म्हणजे बायको. मुलीच्या लग्नानंतर आम्ही दोघंच. बुधवारा भागातल्या आमच्या घराचा जिना चढताना मला मध्येच टेकावं लागायचं, म्हणून डॉक्टरांनी तंबी दिली होती. सोडलीत तर धाप कमी होईल, खोकला जाईल, तोंडाला चव येईल, असं बरंच काही ते म्हणाले. चवीचं मी कानाआड केलं. माझ्या तोंडाला काय धाड भरली होती?

त्या रविवारी तिनं वांग्याचं भरीत केलं. पहिल्याच घासाला तिखटानं जीभ पोळली, आणि मीठ तर मुठीनं ओतल्यासारखं. ताट सरकवलं, "हे माणसाचं खाणं आहे?" म्हणालो आणि चपला घातल्या. कोपऱ्यावरची पानटपरी उघडी होती. एकच ओढायची, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. खरं सांगायचं तर मी कारणच शोधत होतो.

ती भांडली नाही. आतून एक वाटी घेऊन आली. तिच्यातही भरीतच होतं.

"पहिले हे खाऊन बघा," ती म्हणाली, "मग जा जिथं जायचं तिथं."

उभ्यानंच खाल्लं. भाजलेलं वांगं, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. एकेक वेगळं कळत होतं. मी विचारलं, "हे कुठलं?"

"माझंच. तुम्हाला तर सगळंच फिकं लागे. म्हणून माझ्यापुरतं पहिले काढून घेत होती, मग तुमच्यात मिरची-मीठ टाकत होती."

"कधीपासून?"

"पोरगी शाळेत जायची तेव्हापासून."

आमच्याकडे मी आधी जेवायचो, ती मागून. इतक्या वर्षांत तिच्या ताटात काय असतं हे मी पाहिलंच नव्हतं. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. चपला काढल्या. तोवर वाटी रिकामी झाली होती, म्हणजे तिच्या वाट्याचंही मीच संपवलं होतं. ती बिचारी माझं तिखटजाळ भरीत दह्यात कालवून जेवली, नाक पुसत आणि हसत.

आता जिना मी न थांबता चढतो. खोकलाही जवळजवळ गेलाय. भरीत आता दोघांचं एकाच भांड्यात बनतं. झालं की ती चमचाभर माझ्यापुढं धरते, "मीठ बघा बरं." मी उगाच जरा वेळ घेतो, बरोबर आहे म्हणतो, आणि दोन ताटं मांडतो.