चन्नप्पांचा कान

सोलापुरात बाळंतिणीला ताकद यावी म्हणून कुणी द्राक्षासव घ्यायला निघालं, की लोक चन्नप्पांच्या लाल आसवाचंच नाव घेत. धंदा आजोबांपासूनचा. घरात दारूचा थेंब चालत नसे. आसव मात्र औषध. मनुकांचा काढा, गूळ, धायटीची फुलं बरण्यांत भरायची, तोंडं कापडमातीनं बंद करायची आणि महिनाभर अंधाऱ्या खोलीत ठेवायची. तयार झालं का, हे चन्नप्पा बरणीला कान लावून सांगत. आतली खदखद थांबली, की आसव उतरवायचं. काही जण बरणीच्या तोंडाशी पेटती काडी धरत. ती विझली तर आसव अजून कच्चं. चन्नप्पा त्यांना हसत. म्हणत, "काडी लागते ती नवशिक्याला."

चौऱ्याहत्तर साली कानांनी दगा दिला. देवळातली घंटा लांब गेल्यासारखी वाटू लागली. चन्नप्पांनी कुणाला कळू दिलं नाही. माघात बरणीला कान लावला, तर आत सगळं शांत.

"झालंय, भरा," ते मुलाला, ईश्वरप्पाला, म्हणाले.

आसव कच्चंच होतं. बाटल्यांना घट्ट बुचं बसली आणि आत वायू कोंडत गेला. नवव्या दिवशी सून दाक्षायणी फळीवरच्या बाटल्या पुसत होती, तेव्हा एक तिच्या हातातच फुटली. काच डाव्या डोळ्यात गेली. डोळा वाचला नाही.

ईश्वरप्पा बाटलीवाल्याला शिव्या देत राहिला. आठ दिवसांनी दाक्षायणी दवाखान्यातून घरी आली, तसे चन्नप्पा तिच्यापुढं जाऊन बसले.

"बाटलीवाल्याचा दोष न्हाय. मलाच ऐकू येत न्हाय, पोरी. तुझा डोळा मी घालवला."

ती त्यांच्या कानाशी वाकली. "मला ठावं हुतं की, मामा. मागनं हाक मारली तर तुमी वळत नव्हता. पन मोठ्या मानसाला कसं सांगायचं?"

ती रागावली असती तर त्यांना सोसलं असतं. हे सोसेना.

उरलेला सगळा माल ईश्वरप्पानं गटारीत ओतला. पुढं तो काडी धरूनच आसव बघू लागला. चन्नप्पा पुन्हा त्या खोलीत गेले नाहीत; दुकानात बसून लेबलं चिकटवत. एखादं गिऱ्हाईक दाक्षायणीकडं बघत राहिलं, की त्यानं काही विचारायच्या आधीच ते सांगून टाकत, "माझ्यामुळं गेला."