शिवगंगाची ‘निंबोळी’

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात माणिकप्पा बिराजदारांचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत तिथं पाय ठेवायला जागा नसते. त्यांची थोरली लेक शिवगंगा शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची आणि गिऱ्हाइकांना नको ते विचारायची. नवरी कुठली, किती शिकली, आणि भांडी तिच्या माहेरची असताना त्यावर नाव नवऱ्याचं कामून कोरता? कुणी हसायचं, कुणी गाल फुगवून बसायचं. माणिकप्पा कपाळाला हात लावायचे. ‘हिला वकील करा न्हाईतर पोलिसात घाला,’ असं शेजारचे दुकानदार म्हणायचे. पत्रकार हा शब्द कुणाच्या डोक्यात आला नव्हता. तिच्याही नाही.

तो आणला व्यंकट सरांनी. ते आठवीला मराठी शिकवायचे. शाळेत पाण्याच्या टाकीजवळ भिंतीला काचेची एक चौकट होती, तीत ‘निंबोळी’ नावाचं भित्तिपत्रक लागायचं. एक सुविचार, थोरांच्या जयंत्या, दोन विनोद आणि कोपऱ्यात फुलाचं चित्र. पाणी प्यायला येणारी पोरं त्याच्या काचेत बघून भांग पाडायची.

एक दिवस सरांनी तो कागद काढून वर्गात आणला आणि फळ्याला टेकवला.

"ह्यात आपल्या शाळेचं काय हाय, सांगा. हा कागद उद्या उदगीरच्या शाळेत नेऊन लावला तर कुणाला फरक कळंल का?"

शिवगंगाचा हात वर गेला. "सर, आपल्या मुली परवा तालुक्याला खो-खोत जिंकल्या. ते लिहायचं का?"

"लिही की. आजपासून निंबोळी तुझी."

ती सामन्याला गेली नव्हती. मामाच्या पोरीचं लग्न होतं. पण वर्गातला एक मुलगा टाळ्या वाजवायला गेला होता, त्याला विचारून तिनं बातमी लिहिली. लिहिली म्हणजे सजवलीच. ‘शेवटच्या क्षणी सृष्टीने वाघिणीसारखी झेप घेतली आणि प्रतिस्पर्धी गडी बाद झाला.’ झेप, वाघीण, गर्जना, सगळं आलं. दुसऱ्या दिवशी काचेपुढं पहिल्यांदाच गर्दी झाली. शिवगंगा लांबून बघत होती आणि मनातून फुगत होती.

मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीतली एक उंच, काटक पोरगी तिच्यापुढं येऊन उभी राहिली.

"हे तू लिहिलंस?"

"हाव."

"मैदानावर होतीस?"

"न्हाई."

"सृष्टी तर रांगेत बसलेली होती. सूर मी मारलाय." तिनं झग्याची कड जराशी उचलून गुडघा दाखवला. ओली खपली होती. "ही बघ तुझी वाघीण."

ती वर्षाराणी. शिवगंगाची कानशिलं तापली. ती तडक सरांकडं गेली. "सर, चूक झाली. ती ओळ पुसून टाकते."

सरांनी वहीतून मान वर केली. "पुसायची न्हाई. लोकांनी वाचलीय ती. चूक जिथं लागली तिथंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती लावायची. खाली नाव तुझंच."

"पोरं हसतील सर."

"हसतील."

हसलीच. ‘वाघीण आली, वाघीण,’ म्हणत मुलं तिच्या मागं फिरायची. निंबोळी सोडून द्यावी असं तिला वाटलं. सोडली तर मात्र लोकांच्या लक्षात तेवढीच चूक राहील, हेही तिला दिसत होतं. पुढच्या सामन्याला ती कागद-पेन घेऊन मैदानाच्या कडेला उन्हात बसली. कोण बाद झालं, कुणी केलं, हे ज्याचं त्याला जाऊन विचारलं. सामना संपल्यावर वर्षाराणी घाम पुसत आली आणि म्हणाली, "माझं नाव वर्षाराणी सटवाजी कदम. ‘राणी’तली णी दीर्घ. नीट लिही." तिथून दोघींची गट्टी जमली.

मग निंबोळीत वाघीण, सिंहीण कधी आल्या नाहीत. नववीत शिवगंगानं वाचनालयावर लिहिलं. वाचनालय होतं, पुस्तकं होती, पण खोलीत मोडके बाक रचून ठेवल्यामुळं कपाटापर्यंत कुणाला जाताच येत नव्हतं. कागद लावायच्या आधी ती मुख्याध्यापक हणमंतराव सरांच्या दारात उभी राहिली.

"तुमचं म्हणणं बी लिहायचं हाय, सर."

हणमंतराव सर शाळेच्या नावाला फार जपणारे. त्यांच्यासमोर मोठमोठे पालक दबकून बोलायचे. ही पोरगी पेन उघडून उभी होती. "बाक ठेवायला दुसरी जागा न्हाई, असं लिही," ते म्हणाले. तिनं तसंच लिहिलं, शब्द न शब्द. महिन्याभरात बाक गच्चीवर गेले आणि खोली उघडली. सरांनी तिचं कौतुक केलं नाही, पण वऱ्हांड्यातून जाताना ते निंबोळीपुढं थांबायला लागले.

दहावीत शाळेला पंचवीस वर्षं झाली. रौप्यमहोत्सवाचा छापील अंक काढायचं ठरलं आणि विद्यार्थी संपादक म्हणून शिवगंगाचं नाव पुढं आलं. हणमंतराव सरांच्या डोळ्यांपुढं अंक तयारच होता. आधी पाहुण्यांचे शुभसंदेश, मग गुणवंतांचे फोटो, फोटोखाली टक्के. लातूरला चौकाचौकांत क्लासच्या पाट्यांवर असतात तसे.

शिवगंगानं बैठकीत सांगितलं, "सर, दहावीतल्या प्रत्येकाचा फोटो घेऊ. खाली त्याच्या स्वतःच्या चार ओळी. शाळेबद्दल त्याला जे वाटतं ते, जसंच्या तसं."

"प्रत्येकाचा? नापास होणाऱ्यांचा बी?"

"ते बी इथंच शिकले, सर."

पानं वाढतात म्हणून सर नाही म्हणाले. तिनं व्यंकट सरांच्या मदतीनं कागद दुमडून नमुन्याचा अंक बनवला आणि संदेशांसोबतचे फोटो लहान केले की पानं कशी बसतात ते दाखवलं. हणमंतराव सरांनी तो दोनदा उलगडून बघितला आणि सही केली.

मग सुरू झालं खरं काम. मुलांना चार ओळी लिहा म्हटलं की सगळे ‘ज्ञानमंदिर’ आणि ‘संस्काराची शिदोरी’ लिहून आणायचे. शिवगंगा कागद परत द्यायची. "हे तुझं न्हाई. तुला काय आठवतं ते सांग." कुणाला पोषण आहाराची खिचडी आठवली, कुणाला पावसात गळणारा वर्ग. एकाला काहीच सुचेना. शेवटी तो म्हणाला, इथं मला कुणी मारलं न्हाई. तिनं तेच लिहून घेतलं.

एक फोटो मात्र मिळेना. वर्षाराणी दिवाळीनंतर शाळेत आलीच नव्हती. तिच्या वडलांचं इथलं काम सुटलं होतं. माहूरला चुलत्याचं ओटीच्या सामानाचं दुकान होतं, तिकडं सगळं घरदार गेलं.

हणमंतराव सर म्हणाले, "तिचं नाव पटावरून कमी झालंय. ती अंकात कशी येईल?"

"पाचवीपासून ती इथं होती सर. कपाटातल्या निम्म्या ढाली तिनं आणल्यात."

सरांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शिवगंगानं त्याचा अर्थ हो असा घेतला.

जानेवारीत दहावीची सहल नांदेड करून माहूरला गेली. गडावर रेणुकामातेचं दर्शन झालं. खाली उतरताना व्यंकट सरांना सांगून शिवगंगा पायऱ्यांच्या कडेच्या दुकानांमधून शोधत निघाली. हिरव्या बांगड्या, खण, नारळ, हळदीकुंकवाच्या राशी. एका दुकानात वर्षाराणी गिऱ्हाइकाला ओटी बांधून देत होती. तिनं मान वर केली आणि तिचा हात थांबला.

"तू हितं काय करून राहिलीस?"

"तुझा फोटो पाहिजे. आणि चार ओळी. अंकासाठी."

वर्षाराणीनं गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी दिली. मग हळूच म्हणाली, "माझी कीव येऊन आलीस का? ‘बिच्चारीची शाळा सुटली’ असलं लिहायचं असंल तर आल्या वाटेनं जा."

"मी काहीच लिहिणार न्हाई. तू बोल, मी उतरवून घेते."

दोन गिऱ्हाइकं आली, गेली. चुलत्यानं शिवगंगाला बसायला स्टूल दिलं. मग खणांच्या घड्या घालता घालता वर्षाराणी बोलायला लागली. "लिही. मी वर्षाराणी सटवाजी कदम. मला ह्या शाळेत खो-खो आवडायचं. मागच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवासाठी मैदानातले दोन्ही खांब उपटले, ते कुणी परत रोवले न्हाईत. माझं तर झालं, पण बारक्या पोरींसाठी तेवढे खांब रोवा."

शिवगंगानं ते तिला वाचून दाखवलं. "हेच?"

"हेच. एक शब्द बदललास तर बोलणार न्हाई."

फोटो दुकानातच काढला, मागं बांगड्यांच्या माळा.

अंकाची पानं तपासताना हणमंतराव सर त्या फोटोपाशी अडले. त्यांनी तिला बोलावून घेतलं. "हा गौरवाचा अंक हाय, तक्रारपेटी न्हाई. ही खांबांची ओळ काढ."

"प्रत्येकाचे शब्द जसेच्या तसे छापायचे, असं ठरलंय सर."

"शाळेत नसलेल्या मुलीनं शाळेची अब्रू काढायची?"

"सर, ती म्हणते ते खोटं हाय का?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. शेवटी ते म्हणाले, "ओळ काढ, न्हाईतर मी पान काढतो."

ती व्यंकट सरांकडं गेली. सर म्हणाले, "मी मधी पडलो तर ते आमचं दोघांचं भांडण होईल, आणि तुझी ओळ बाजूला राहील. वाट तुलाच काढावी लागंल."

शिवगंगाला राग आला होता. पण रागानं पान वाचणार नव्हतं. ती मैदानावर गेली. खांबांच्या खड्ड्यांत कचरा भरला होता. शिपाईमामांना विचारलं तर ते म्हणाले, सायकल स्टँडच्या मागं बघ. तिथं गवतात दोन्ही खांब आडवे पडले होते, शाबूत. सातवीच्या मुली खांबांच्या जागी दोन पोरींना उभं करून खेळत होत्या. तिनं ते सगळं डोळ्यांनी बघितलं आणि परत ऑफिसात गेली.

"सर, खांब सायकल स्टँडच्या मागं हायत, चांगले हायत. तुम्ही ते रोवले तर त्या ओळीखाली मी छापीन, ‘खांब पुन्हा रोवले आहेत. मुख्याध्यापक.’ त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात."

"आणि न्हाई रोवले तर?"

"तर तिचं नाव आणि फोटो छापू आणि खाली जागा कोरी ठेवू. पण तिच्या तोंडी दुसरे शब्द मी घालणार न्हाई. तसं करायचं असंल तर संपादक म्हणून माझं नाव काढा."

हणमंतराव सरांनी ते पान टेबलावर पालथं ठेवलं. मग म्हणाले, "जा वर्गात."

पुढचे काही दिवस ऑफिसातून काहीच आलं नाही. अंक छापायला जायची वेळ जवळ आली. शिवगंगानं त्या पानाचे दोन नमुने करून ठेवले, एक ओळींचा, एक कोऱ्या जागेचा. मग एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी मैदानात पहारीचा आवाज आला. शिपाईमामा आणि दोन गवंडी खड्डे मोकळे करत होते. हणमंतराव सर स्वतः उभे राहून खांब ओळंब्यात, सरळ उभे आहेत का ते बघत होते. शिवगंगा दिसल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता छाप."

माहूरला अंक टपालानं गेला. आठवड्यानं वर्षाराणीचा फोन आला. "फोटो काळा आलाय," ती म्हणाली. मग विचारलं, "खांब खरंच रोवले का, का नुसतं छापलंस?"

"मी हात लावून बघितलेत."

"मग ठीक हाय."

दहावीला शिवगंगाला चांगले टक्के पडले आणि घरात दुसरी लढाई उभी राहिली. माणिकप्पांनी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासची चौकशी करून ठेवली होती. "लोक कुठून कुठून पोरं लातूरला आणून टाकतात," ते म्हणाले, "आणि तू लातूर हाताशी असून आर्ट्स घेणार?"

"आप्पा, मला लोकांना विचारायची सवय हाय. ती तुमच्याच दुकानात लागली. मला तेच शिकायचं हाय."

माणिकप्पा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, "हणमंतराव सरांनी तिच्यापुढं हात टेकले, तुम्ही किती दिवस टिकणार?" तिसऱ्या दिवशी त्यांनी तिची पेटी स्वतः गाडीत ठेवली.

लातूरच्या वसतिगृहात खोलीतल्या सगळ्या मुली जीवशास्त्र घोकायच्या आणि ही वर्तमानपत्र पसरून बसायची. तिला तिथं एकटं वाटायचं. तरीही बारावीपर्यंत तिनं वसतिगृहाच्या भिंतीवर तशीच एक निंबोळी चालवली, जेवणापासून पाण्यापर्यंत सगळं लिहिलं आणि वॉर्डनबाईंच्या शिव्या खाल्ल्या. वर्षाराणीनं त्याच सुमारास बाहेरून दहावीची परीक्षा दिली. गणित राहिलं. ते ती पुन्हा देणार आहे. आता दुकानाचा निम्मा कारभार तीच बघते.

शिवगंगा सध्या नांदेडला पत्रकारिता शिकते. परवा तिला नायगावकडच्या एका गावात पाठवलं होतं, शाळेच्या वर्गांवर लिहायला. पारावर बसलेल्या सरपंचांनी तिला खालवर न्याहाळलं.

"कुठल्या पेपरच्या तुम्ही?"

"अजून कुठल्याच न्हाई. शिकून राहिले."

"मग तुम्हाला सांगून काय उपयोग?"

"उपयोग नंतर बघू," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं. "आधी वर्ग दाखवा. तुमचं म्हणणं बी लिहून घेते."

सरपंचांनी आजूबाजूला बघितलं. मग चप्पल पायात सरकवली आणि शाळेच्या दिशेनं चालायला लागले. ती त्यांच्या मागोमाग निघाली.