रुमालकाकू आणि फणसाचं पत्र

रुमालकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी माळ्याकडे बघायच्या, मग माणसांकडे. माळ्यावर जुनी ट्रंक दिसली की त्यांचा चेहरा असा खुलायचा, की घरच्या बाईंना वाटायचं, आपल्या पोह्यांवरच खूश झाल्या. नव्वदच्या आसपासचे ते दिवस. पनवेलात जुनी घरं पाडून सोसायट्या उठत होत्या आणि माळे रिकामे करताना शे-दीडशे वर्षांची पत्रं रद्दीत, नाहीतर खाडीत जात होती. रद्दीवाल्याच्या आधी तिथे पोचायचं, हा काकूंनी निवृत्तीनंतर पत्करलेला उद्योग. मिळालेले कागद लाल कापडात बांधून त्या तळ्याकाठच्या वाचनालयात ठेवायच्या. जुन्या कागदांच्या अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात, म्हणून त्या रुमालकाकू.

कागद त्या कधी मागायच्याच नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायच्या, तिळाचा लाडू तोंडात टाकायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. "तुमच्याकडे काय असणार म्हणा! समोरच्यांकडे केवढा रुमाल निघाला. सनदा न् काय काय!" समोरच्यांकडे गेल्या की हेच वाक्य उलट दिशेने. संध्याकाळी दोन्ही घरचे पुरुष शिडी लावून आपापल्या माळ्यावर चढलेले. वाचनालयातलं निम्मं दप्तर असं निव्वळ शेजारधर्मावर जमलेलं आहे.

एका घरी तर दसऱ्याला हळदकुंकू वाहून एका कागदाची पिढ्यान् पिढ्या पूजा व्हायची. काकूंनी तो वाचला आणि तसाच मिटला.

"काय लिहिलंय हो?" यजमानांनी हात जोडून विचारलं.

"शेजाऱ्याच्या म्हशीची तक्रार आहे," काकू म्हणाल्या. "पण अक्षर सुरेख. पूजा चालू ठेवा."

मी तेव्हा इथल्या शाळेत मराठी शिकवत असे आणि शनिवारी दुपारी काकूंकडे मोडी लिपी शिकायला बसत असे. एखादा शब्द अडला की मी संदर्भावरून ठोकून द्यायचे. काकू लगेच पट्टीने माझं बोट बाजूला सारायच्या. "अंदाज मिठाचा करावा, कागदाचा नाही." चहा पिऊन कागदाला हात लावला तर पुन्हा हात धुवायला पाठवायच्या. पस्तिशीची बाई मी, वर्गात पोरांना दरडावणारी. पण तिथे अंगठे धरून उभं असल्यासारखं वाटायचं. मला त्यांचा रागही यायचा.

अशा या बाईंच्या हाती नानांच्या घरचं एक पान लागलं. नाना पनवेलचे, त्यांचे धाकटे भाऊ आबा आपट्याचे. वडिलांच्या मागे दोघांची वाटणी झाली, ती इतकी काटेकोर की घरातल्या जुन्या पत्रांचीसुद्धा झाली. एक पान तुला, एक पान मला. पत्र कुठे सुरू होतं न् कुठे संपतं हे वाचता कुणाला येत होतं! शेवटी आपट्याच्या अंगणातल्या फणसावर गाडी अडली, आणि तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद.

काकूंनी पान वाचून दाखवलं. नानांच्या खापरपणजोबांनी आपल्या धाकट्या भावाला लिहिलेलं. "फणसाचे कारणे तंटा होऊन बहुत दिवस जाहले. ऐशास, आमचे मनीचे तुम्हांस लिहितो की..." आणि पान संपलं. म्हणजे भांडणही वडिलोपार्जितच.

"की काय?" नाना खुर्चीवरून उठलेच.

"ते आपट्याला," म्हणत काकू चष्मा पुसायला लागल्या.

नानांची झोप उडाली. रोज सकाळी वाचनालयात येऊन त्या 'की'च्या पुढे काय असेल याचे तर्क लढवायचे. आबांकडे जा म्हटलं की मात्र, "जीव गेला तरी नाही!"

शेवटी काकू मला घेऊन एसटीने आपट्याला गेल्या. आबांच्या अंगणात पेंढा रचत असलेल्या गड्याने आम्हाला अडवलं. "आबा हायत. पन नानांनी धाडलं आसंल, तर नायत."

"नानांनी नाही, आबांच्या खापरपणजोबांनी धाडलंय," काकू म्हणाल्या.

आबा दाराआडून ऐकत होतेच. काकूंनी पहिलं पान त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि 'की'पाशी थांबल्या. आबांनी धावत जाऊन ट्रंक उघडली. पुढचं पान निघालं. "वाचा ना आता!"

"इथे नाही. दोन्ही पानं आणि दोन्ही मालक शेजारी असल्याशिवाय वाचायचं नाही, असा नियम आहे." असा कुठलाही नियम नव्हता.

रविवारी दोघे भाऊ वाचनालयात आले आणि टेबलाच्या दोन टोकांना पाहुण्यासारखे बसले. काकूंनी पानं जुळवली. मी त्यांच्या मागे उभी होते. पुढची ओळ मला एका दमात लागली: "तुमचे तोंड पाहणे नाही. फणस आमचा. आमचे मागेही कोणी समेट करू नये." हे ऐकलं असतं तर दोघं तिथूनच उठून गेले असते आणि या जन्मात पुन्हा समोरासमोर आले नसते.

काकूंनी चष्मा नीट बसवला. मग त्याच ओळीवर बोट ठेवून खणखणीत आवाजात वाचू लागल्या, "...की, फणसाचे गरे मोजून कोणाचे पोट भरले आहे? तुम्हांवाचून घास गोड लागत नाही. पत्र पावताच भेटीस यावे."

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. आबांनी नाक शिंकरलं. नानांनी तिकडेच बघत विचारलं, "यंदा धरलाय का रे फणस?"

"धरलाय तर! पण खायला आहे कोण?" आबा म्हणाले.

ते गेल्यावर मी एवढंच म्हटलं, "काकू, अंदाज?"

"अंदाज कसला? चक्क खोटं बोलले," काकू म्हणाल्या. "कागदाला मी धक्का लावलेला नाही. तो आहे तसाच आहे. ज्याला खरं हवंय त्याने मोडी शिकावी." आणि आबांनी दिलेली सुपारी मी चघळतेय हे बघून त्यांनी मला हात धुवायला पाठवलं.

पुढे दर वर्षी फणसाच्या दिवसांत दोघे भाऊ एका रिक्षातून यायचे, गरे आणायचे आणि पत्र पुन्हा वाचून घ्यायचे. काकू गेल्या, त्या वर्षी मला वाटलं, आता कशाला येतील? पण आले. आबांनी डबा टेबलावर ठेवला. "बाई, आता तुम्ही वाचा."

मी हात धुऊन रुमाल सोडला. 'तोंड पाहणे नाही'वर बोट ठेवलं आणि काकूंचा मजकूर वाचला. वाचता वाचता काकूंची इतकी आठवण आली की मला थांबवेना, आणि शेवटी नकळत एक वाक्य तोंडातून निघून गेलं: "वडील बंधू या नात्याने आम्हीच पहिले पाऊल टाकतो."

आबांनी नानांकडे पाहिलं. नाना सावकाश उठले, काठी घेतली आणि गऱ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"छान वाचलंत," ते म्हणाले. "काकूसुद्धा दर वर्षी एखादं वाक्य वाढवायच्या."