मी मोजलेली अणूची भूक

हसायचं नाही हं, आधीच सांगते! माती मीच खाल्ली, कबूल. पण अजून आठवलं की माझं डोकं सटकतं!

मी बंगळुरात ताऱ्यांच्या प्रकाशावर काम करते. तो प्रकाश वाटेतल्या वायूच्या ढगातून येताना तिथले अणू त्यातला थोडा गिळतात, आणि अतिनील भागात बारीक काळ्या रेषा उमटतात. रेषा किती गडद, हे दोन गोष्टींवर ठरतं: अणू किती आणि एकेकाची भूक केवढी. लग्नात जिलबीचं पातेलं रिकामं झालं, तर पाहुणे जास्त होते की खादाड होते? पाहुणे मोजलेले असले तरच भूक काढता येते ना?

तर अशा एका अणूची भूक पुस्तकात छापलेली होती, जुनी, प्रयोगशाळेतली. ती खरी का, हे मी थेट आकाशातून तपासणार होते. माझ्या नोकरीची मुदतवाढ त्यावरच अडकली होती, बरं का!

अणूंची संख्या एका जुन्या शोधनिबंधातून उचलली, रेषा मोजली, भागाकार केला. आणि काय सांगू! पुस्तकातलाच आकडा! दशांश चिन्हापुढचंसुद्धा सगळं तेच! बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये जीव काढून मी पेढे घेऊन आले.

सगळ्यांनी खाल्ले. एक राघवेंद्र सोडून. हा बेळगावचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो.

"मॅडम, एवढं नेमकं कधी येतंय होय? त्या लोकांनी अणू मोजले कसे, ते स्वल्प बघा की."

अस्सा संताप आला! "अरे, छापून आलंय ते! मोजल्याशिवाय छापतील का? जळायचंच असेल तर पेढा खाऊन जळ!"

"सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढंच म्हणाला आणि पेढा कागदात बांधून ठेवला. बांधून! म्हणजे आता माझ्या पेढ्यावरही शंका?

त्या रागात मी दुसऱ्याच दिवशी अख्ख्या विभागासमोर भाषण ठोकलं. विभागप्रमुख पहिल्या रांगेत, मुदतवाढीवर सही त्यांचीच. टाळ्या पडल्या तेव्हा मी राघवेंद्रकडे बघितलं, अगदी मुद्दाम.

प्रमुख म्हणाले, "छान. पण अणूंची संख्या त्या लोकांनी काढली कशावरून?"

मला कुठे ठाऊक! पण मी मागे हटते होय? "सर, ही शंका राघवेंद्रचीच. त्याने वाचलं असेल, तोच सांगेल!"

बिचारा नाइलाजाने उठला. "सर, याच ताऱ्याच्या याच रेषेवरून. भूक पुस्तकातलीच धरून."

आलं का लक्षात? त्यांनी पातेल्याला पुस्तकातल्या भुकेने भागून पाहुणे काढले. मी त्याच पातेल्याला त्याच पाहुण्यांनी भागून भूक काढली! दुसरं काय येणार, माझं कपाळ?

सही अर्थातच पुढे ढकलली. घरी येऊन मी भांडी आदळली, दारं आपटली. नवरा आयटीतला, समजूत घालायला म्हणाला, "अगं, पण आकडा तर बरोबर आला ना?"

"येणारच होता!" मी ओरडले. "आकाशात तारा नसता तरी आला असता!"