भिंतीवरच्या आत्याबाई

फुकटात कोणी रंग लावायला आलं की मला आधी शंका येते. आमच्याकडं रस्त्याकडेच्या वडांना एका वर्षी कोणीतरी पांढरे पट्टे मारले आणि त्यावर लाल आकडे टाकले. लोक म्हणाले, बरं झालं, झाडांची नोंद झाली, आता कोणी हात लावणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला आणि आकडे टाकलेली झाडं तेवढी गेली. तेव्हापासून ब्रश-बादलीवाला माणूस दिसला की मी विचारते, कोणाच्या सांगण्यावरून?

भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या लांब भिंतीला शिडी लागली तेव्हाही मी हेच विचारलं. भिंत जुन्या गोदामाची. तिच्यावर क्लासच्या जाहिराती आणि पानाच्या पिचकाऱ्या, आणि कोपऱ्यात इतका वास की माणूस नाकाला पदर लावूनच जायचा. त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या सासूबाई टोपली घेऊन बसत. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. आमचं घर उत्रोलीत. शेतात भात, बांधावर वाल आणि परसात मेथी, काकडी, जे निघेल ते. स्टँडवर उतरलेला माणूस भिंतीसमोरूनच पुढं जातो, त्यामुळे टोपली दुपारच्या आत रिकामी व्हायची. त्या जागेच्या जोरावर आत्याबाईंनी आयुष्यात मुलापुढं कधी हात पसरला नाही, आणि माझ्यापुढं तर नाहीच नाही.

रंगवणारी पोरं पुण्याची होती. त्यांच्यातली एक मुलगी आत्याबाईंच्या शेजारी मांडी घालून बसायची, काकडी खायची आणि मोबाईलवर त्यांचे फोटो काढायची.

"फोटो कशाला?" मी विचारलं.

"चित्रासाठी, काकू. आजींनी हो म्हटलंय."

"आत्याबाई, तुम्ही हो म्हणालात?"

"तू गप गं," आत्याबाई म्हणाल्या. "पोरगी गुणाची हाय. काकडीचं पैसं बी देती."

काही दिवसांनी पाहते तर भिंत ओळखू येईना. मागं डोंगररांगा, खाली वेल्ह्याकडची खाचरं, भाताची लावणी करणाऱ्या बायका ओळीनं वाकलेल्या, आणि या सगळ्यांच्या पुढं, माणसाच्या दुप्पट उंचीचा, आत्याबाईंचा चेहरा. कपाळावरचं आडवं कुंकू, नाकातली चमकी, हसताना दिसणारा पडलेल्या दाताचा खड्डासुद्धा. खोटं कशाला बोलू, चित्र सुरेख होतं. कोपऱ्यातला वासही गेला. रंगवलेल्या बायकांसमोर उभं राहायला पुरुषांना लाज वाटत असावी. पण मला काही बरं वाटेना. बाईला एकदा भिंतीवर मांडलं की तिला खाली बसू द्यायची गरज कोणाला उरते?

आत्याबाईंना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुज्या डोक्यात किडं हायेत."

किडे खरे निघाले. पुण्याहून पानशेत-वेल्ह्याकडं फिरायला आलेले लोक वाट वाकडी करून इथं येऊ लागले, भिंतीपुढं फोटो काढू लागले. मग एक दिवस नगरपालिकेच्या कार्यालयाचा माणूस आला. गोड बोलला. "आजी, तुमच्या टोपल्यांनी चित्र झाकतंय. जरा पलीकडं बसता का?" पलीकडं म्हणजे वळणामागं, गटाराकडेला, जिथं कोणी फिरकत नाही. भाजीवाल्या बायका उठल्या. आत्याबाईही उठल्या. संध्याकाळी अर्धी मेथी तशीच घरी आली, दुसऱ्या दिवशीही आली. मी भांडायला निघाले तर त्यांनी मला अडवलं. "आपलंच थोबाड हाय गं भितीवर," म्हणाल्या, "कुणाला बोल लावायचा?" मला इतका संताप आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही.

तशात दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडं दारापासून विळ्यापर्यंत सगळ्यांना झेंडू लागतो. स्टँडवरच्या जीपवाल्यांनी गाड्यांना हार घातले. एक हार उरला. त्यांच्यातल्या एकाला आत्याबाईंचा लळा, त्यानं तो हार भिंतीतल्या जुन्या खिळ्याला अडकवला, नेमका चित्रातल्या चेहऱ्यावर येईल असा. भाबडेपणानं केलं म्हणतो. मी अजूनही पूर्ण विश्वास ठेवत नाही, पण ते असो.

त्याच संध्याकाळी आत्याबाईंच्या माहेरचा एक गाववाला एसटीनं वेल्ह्याकडं परत चालला होता. त्यानं खिडकीतून पाहिलं. ओळखीच्या म्हातारीचा एवढा मोठा फोटो, आणि त्याला हार. आपल्याकडं हार घातलेल्या फोटोचा अर्थ एकच. त्यानं गावात जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी चुलीवर मटणाचा रस्सा ठेवला होता. नवरात्राचे उपास संपल्याने घरात सगळे त्याच वासाकडं नाक लावून होते. दारात जीप थांबली. आत्याबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, उतरले, मागून चार-पाच बायका तोंडाला पदर लावून. एकीनं ओसरीवर पाय ठेवताच हंबरडा फोडला. मी डाव हातात घेऊनच बाहेर आले. वाटलं, मामांच्या घरात काही झालं.

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग चुलीकडं पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "आमाला कळवायचं बी न्हाई? आन् वर हे शिजवताय?"

"काय कळवायचं, मामा?"

"माज्या भनीला कवा न्हेलं?"

बायका एकमेकींकडं पाहत होत्या, आणि त्या नजरेत काय आहे ते मला बरोबर समजलं. जन्मभर मी जगावर संशय घेतला, तो सगळा त्या क्षणी चार-पाच जोडी डोळ्यांतून माझ्यावर उलटला. फोन करून विचारायचं तरी, असं मी नंतर म्हणाले. मामा म्हणाले, मेलीस का असं फोनवर कसं इचारायचं?

तेवढ्यात गोठ्यातून आत्याबाई आल्या. हातात शेणाची पाटी.

"कोण गेलं रं?" त्यांनी भावाला विचारलं.

मामा मटकन खाली बसले. सगळा उलगडा होईपर्यंत रस्सा खाली लागला, पण सगळ्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला. जाताना मामांनी काखेतली पिशवी लपवायला पाहिली. आत्याबाईंनी ती ओढून घेतली. आत हिरवंगार लुगडं होतं. बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, उशीर झाला तरी ते घेऊन भाऊ आला होता.

"ऱ्हाऊ दे अक्का," मामा म्हणाले, "ते तसलं हाय."

"कसलं का आसंना. तू आणलंस न्हवं?"

सकाळी त्या तेच लुगडं नेसून टोपली भरू लागल्या. मी हात धरला. म्हटलं, अपशकुन असतो.

"मेल्यावर नेसवलं आसतं तर म्या बघितलं आसतं का?" त्या म्हणाल्या.

मला राहवेना, मीही बरोबर गेले. त्या वळणामागं गेल्या नाहीत. सरळ भिंतीकडं गेल्या. जीपवाल्याला बोलावून हार काढायला लावला, तो आपल्याच टोपलीभोवती गुंडाळला आणि स्वतःच्या चेहऱ्याखाली बसल्या. थोड्या वेळानं कार्यालयाचा माणूस आला. "आजी, चित्र झाकतंय," म्हणाला.

"झाकंना," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या चित्रापायी माजा भाऊ माजं मढ्यावरचं लुगडं घिऊन आला. ह्ये बघा, हेच. आता म्या हितं बसल्याबिगर जिती हाय ह्ये लोकांला कसं कळायचं?"

त्यानं लुगड्याकडं पाहिलं, वर चेहऱ्याकडं पाहिलं आणि निघून गेला. दुपारपर्यंत वळणामागच्या बाकीच्या बायकाही टोपल्या घेऊन आल्या.

तो परत येणार, याची मला खात्री आहे. म्हणून रोज सकाळी मी आत्याबाईंबरोबर स्टँडपर्यंत जाते आणि भिंतीवर कुठं नवा आकडा पडला आहे का ते बघते. आत्याबाई हसतात. हिरवं लुगडं आता विटलं आहे, पण बाजाराला जाताना त्या दुसरं नेसत नाहीत.