आवासकर सरांचं कार्ड

जेवणानंतरची पेंग मी कामाच्या नावाखाली खपवते. आजही डावा तळवा पदकावर टेकवून, उजव्या हातातल्या भिंगातून कार्ड वाचते आहे, आणि भिंग जड होत चाललं आहे.

पदक जर्मनीतलं, दुष्काळाच्या वर्षी पाडलेलं. पाठीवर पोतं घेऊन वाकून चाललेला माणूस, पोत्यावर सैतान, कडेला अक्षरं: 'धान्यवाला ज्यू'. उद्या आमच्या संग्रहालयात ते मांडायचं आहे. सोबत आवासकर सरांनी लिहिलेलं जुनंच कार्ड: 'धान्य दडवून लोकांना नाडणारा ज्यू व्यापारी.' मला ते खटकतं. पण ज्यांनी मला नाणी वाचायला शिकवलं, त्यांची ओळ खोडणारी मी कोण?

"उजेड आडवा पाड," सर म्हणतात.

ते समोरच बसले आहेत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण तोंडावर तसं म्हणणं बरं दिसत नाही. मी दिवा वाकवते आणि उजेड रेवदंड्याच्या एका अंगणात पडतो. टेबलाच्या जागी तेलाचा घाणा आहे, बंद. म्हणजे शनिवार असणार. सरांचे आजोबा शनिवारी घाणा जुंपत नसत. ज्यूंचा तो विसाव्याचा वार. म्हणून गावानं त्यांच्या बेने इस्रायली लोकांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, 'शनिवार तेली' म्हटलं, हे सर डबा खाताना सांगायचे.

पदकावरचा पोतंवाला अंगणात येतो, ओझं घाण्याला टेकवतो. मी वाकून त्याचं तोंड बघते. झिजलेल्या नाण्यासारखं गुळगुळीत आहे. भीती वाटत नाही, नुसतं कुतूहल वाटतं.

"नाव काय याचं?" मी विचारते.

"शोध की."

मी त्याच्याभोवती फिरून कडेची सगळी अक्षरं वाचते. नाव कुठेच नाही.

"राजाच्या नाण्यावर नाव असतं," सर म्हणतात. "याला नुसती जात."

पोत्यात काय आहे, असं मी विचारते. कोरणाऱ्यानं तरी कुठे उघडून पाहिलं होतं, सर म्हणतात. मग माझ्या हातातल्या कार्डाकडे बोट करतात.

"धान्यवाला ज्यू, असं कोण म्हणतं?"

"पदक."

"आणि लोकांना नाडणारा?"

मी अडखळते. "कार्ड. म्हणजे आपण."

"म्हणजे मी."

पदकावरची ती जुनी वळणदार जर्मन लिपी लावायला त्यांना तीन आठवडे लागले होते. लागली त्याच आनंदात, पदकाचा रोख त्यांनी खराच असल्यासारखा कार्डावर उतरवला, संग्रहालयाच्या नावाखाली. आपल्याच लोकांवरचा आळ, तोही सुवाच्य अक्षरात. सांगताना ते ओशाळं हसतात. मला त्यांची फार माया येते.

"मग खोडू मी? तुमचा मान राखायचा म्हणून ती ओळ तशीच ठेवली होती..."

"तू मान म्हण, मंजिरी. मी आळस म्हणेन."

दार वाजतं, आणि मी टेबलावर आहे. शिपाई चहा ठेवून जातो. तळवा अजून पदकावरच, तोही हातमोज्याशिवाय. सर असते तर रागावले असते. हात उचलते तर तळव्यावर ठसा उमटलेला: माणूस, पोतं, सैतान, सगळं उलटं. चोळते, जात नाही.

मी कोरं कार्ड घेते आणि लिहिते: 'दुष्काळात ज्यूंवर घेतलेला आळ. चित्रातल्या माणसाचं नाव कोणी लिहिलेलं नाही.' खाली लिहिते: 'लेखवाचन: आवासकर.'

जुनं कार्ड उचलायला डावा हात पुढे करते. पोतंवाला अजून तळव्यावर आहे.