दाजींची मथुरा

लिहायच्या आधीच इतकी गाजलेली गोष्ट सोलापुरात दुसरी झाली नाही, आणि ती गाजवणारा लेखकही आमच्या दाजींसारखा दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गिरणीत कारकून. पहिल्या भोंग्याला टोपी, दुसऱ्याला छत्री आणि तिसऱ्याला धूम पळत, असा माणूस. एका उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं की आपण लेखक व्हायचं. आता तुम्हीच सांगा, लेखक आधी लिहितो, मग लोकांना सांगतो की नाही? दाजींनी आधी सांगायलाच घेतलं. न्हाव्यापुढं मान दिली की सांगायचे, टांग्यात चढले की टांगेवाल्याला सांगायचे. वांगी निवडता निवडता भाजीवालीला म्हणाले, "मावशी, दिवाळीला आपली प्रेमकथा येतीय बरं का. सुटीतली हाय. नायक मे महिन्यात महाबळेश्वरला जातो." ती म्हणाली, "जाऊ द्या की! पण वांगी घेनार का नुसती दाबून बगनार?"

दाजी स्वतः कधी कुर्डुवाडीच्या पुढं गेले नव्हते. त्यामुळं त्यांचं महाबळेश्वर बघावं तर आपलं सोलापूरच. नायक तिथं दुपारी डोक्यावर ओला पंचा घ्यायचा, संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून अंथरूण टाकायचा. न्याहारीला ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी. मी म्हटलं, "दाजी, तिथं गार असतं म्हणे. शाल लागते." तर म्हणाले, "मे महिन्यात? खुळी का काय तू!" आणि प्रेमाचं बोलणं तर विचारूच नका. कड्यापाशी नायिका पहिल्यांदा दिसते, नायकाचा जीव कासावीस होतो, आणि तो तिला विचारतो, "जेवण झालं का?" मी पदर तोंडाला लावला. दाजी गंभीरपणे म्हणाले, "हसू नकोस. चारचौघांत तुझ्या बहिणीशी मी याहून जास्त कधी बोललेलो नाही."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. घोटाळा झाला तो नायिकेच्या नावावरून. तिचं नाव त्यांनी ठेवलं मथुरा. आता प्रेमकथेतल्या बाईचं नाव कसं, कुमुदिनी, नाहीतर हेमलता असावं. मथुरा म्हटलं की शेंगा फोडत बसलेली बाई डोळ्यांपुढं येते! लोक आधी हसले, मग कुजबुजायला लागले. अक्काच्या सासूबाई सांगोल्याकडच्या, बोलायला खणखणीत. त्यांनी हिशेब बरोबर मांडला. "मनानं काढलं असतं तर चांगलं नाव काढलं असतं की त्यानं. ही खरी हाय कुणीतरी. कोण ही मथुरा? कुटं राहती?" मग काय, बोळात शोध सुरू. कासारणीच्या चुलत जावेचं नाव मथुरा निघालं. ती बिचारी सत्तर वर्षांची, तोंडाचं बोळकं झालेलं. तिलासुद्धा सासूबाई डोक्यापासून पायापर्यंत निरखून आल्या.

त्याच सुमाराला वाचनालयानं नव्या लेखकांसाठी सभा ठेवली. लेखकानं येणाऱ्या गोष्टीची ओळख करून द्यायची, आणि ऐकायला पुण्याहून एका दिवाळी अंकाचे संपादक येणार. दाजींना तर आकाश ठेंगणं झालं. सासूबाईंनी ऐकलं आणि गाठोडंच बांधलं. "तू त्या सभेत तिचं नाव घे, मी माझ्या भावाकडं जाते. पुन्ना ह्या उंबऱ्यात पाय ठेवनार न्हाय." एकुलता एक लेक आणि विधवा आई, ती गेली असती तर घर मोडलंच असतं. दाजी नाव बदलायला तयार होईनात. कारण विचारलं की टोपी काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे.

कारण मला ठाऊक होतं, अक्कालाही होतं. मथुरा म्हणजे अक्काच! माहेरचं नाव तिचं. लग्नात सासूबाईंनी हौसेनं रुक्मिणी ठेवलं, आणि पोरीचं जुनं नाव कोण लक्षात ठेवतंय? आमचे आईवडील गेले आणि त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही. मी तर पाळण्यापासून अक्काच म्हणत आले. मी तिला म्हटलं, "अगं, मग सांगून टाक की सासूबाईंना!" ती भाकरी थापता थापता थांबली. "काय सांगू? नवरा माझ्यावर प्रेमकथा लिहितोय म्हणून? त्यापेक्षा ती दुसरी कुणी असलेली बरी."

सभेला सासूबाई स्वतः आल्या. गाठोडं घरी तयार, "बगतेच कोण येती ती." बायकांच्या बाजूला बसून एकेकीचं तोंड न्याहाळत होत्या. दाजींनी ओळख करून द्यायला सुरुवात केली ती संपेचना. संपादक डुलक्या घ्यायला लागले. शेवटी अध्यक्षांनी मिश्कीलपणे विचारलं, "सगळं खरं हो, पण ही मथुरा कोण?" सभा खदाखदा हसली. अक्कानं मान इतकी खाली घातली की मला तिचा नुसता अंबाडा दिसत होता.

दाजींनी टोपी काढली. या खेपेला परत घातली नाही. म्हणाले, "मुलगी बघायला गेलो तेव्हा तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं. लग्नाआधी तिचा तेवढाच शब्द मी ऐकला. मग ताटातल्या तांदळात अंगठीनं मीच दुसरं नाव लिहिलं. पहिलं कुठं ठेवलं, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिला सुटीला कुठं न्यायची ऐपत नाही माझी. म्हणून म्हटलं, निदान तिच्या नावाला तरी नेऊन आणावं."

कुणी हसलं नाही. संपादक जागे झाले, "गोष्ट पुरी करून पाठवा," म्हणाले. ती काही पुरी झाली नाही. दाजी पुढं कितीतरी दिवाळ्या तिची ओळखच करून देत राहिले; महाबळेश्वराहून नायक-नायिकेला परत आणायचं त्यांच्या जिवावर यायचं.

त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी गाठोडं सोडलं, लुगडी घडी करून पेटीत ठेवली आणि ओसरीवर टेकल्या. अक्का आत चुलीपाशी होती.

"मथुरे, पानी आन गं."

आतून काही हालचाल नाही. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग आवाज जरा मऊ करून पुन्हा हाक मारली.

अक्का तांब्या हातात घेऊन उंबऱ्यात आली, आणि मथुरा नावाची कोण बाई आलीय म्हणून रस्त्याकडच्या दाराकडं बघत उभी राहिली.